पाठमोरा

"आत्या, तो माझ्यावर रुसलाय."

भाचीने हे इतक्या सहज सांगितलं की मला आधी वाटलं, वर्गातल्या कुणाबद्दल बोलतेय. आठ वर्षांची आहे ती. माझा फोन घेऊन कोपऱ्यात बसली होती, कागदाच्या घड्या घालून पक्षी-प्राणी करायचे व्हिडिओ बघत. एक संपला की दुसरा, दुसरा संपला की तिसरा, असं तिचं नेहमी चालतं आणि तिला ते अखंड मिळतही राहतं. त्या दिवशी मात्र बगळा झाल्यावर बेडूक यायच्या ऐवजी एक डॉक्टर आले आणि हृदयाच्या झडपेबद्दल बोलायला लागले. तिने त्यांना वर सरकवलं. दुसरे डॉक्टर आले. मग तिसरे. "कोण रुसलाय?" मी विचारलं. "तोच गं. आतला. जो देतो तो." एवढं बोलून तिने फोन उपडा ठेवला, भांडण झालेल्या मैत्रिणीकडे पाठ करून बसावं तशी.

मी डायरीतलं शेवटचं कोरं पान फाडून तिला दिलं आणि म्हटलं, काढून दाखव बघू कसा दिसतो तो. मनात मी चौकोनी डोक्याचा रोबो गृहीत धरला होता. ती पालथी पडली, जीभ ओठाच्या कोपऱ्यात धरून अर्धा तास काढत राहिली, आणि तिने मला दिली ती एका माणसाची पाठ. अंधारी खोली, पेन्सिल आडवी धरून घासून घासून केलेला अंधार. मध्ये एक स्टूल. स्टुलावर बसलेला माणूस, पाठमोरा. शर्टाची कॉलर मात्र फार निगुतीने काढलेली, तिच्या दोन्ही टोकांसकट. मानेवर बारीक केस. त्याच्यासमोर एक छोटी खिडकी आणि खिडकीत कागदाचा बगळा. "तोंड कुठेय त्याचं?" मी विचारलं. "तिकडे." "मग त्याला तू दिसत नाहीस?" तिने थोडा विचार केला. तो विचार तिने खरोखर केला, हे मला दिसलं. मग म्हणाली, "तो माझ्याकडे नाही बघत. मी काय बघते ते बघतो."

आणि उठून खेळायला गेली.

ते वाक्य मला सोडेना. दोन महिने झाले, चित्र माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर आहे, आणि काम करता करता माझी नजर त्या कॉलरीवर जाते. पहिल्यांदा मी विचार करत राहिले तो त्या "तो"चा. आपल्या भाषेत नपुंसकलिंग आहे, यंत्राला आपण "ते" म्हणतो. फोनवर कुणाला पुढे काय दाखवायचं ते ठरवणाऱ्या अल्गोरिदमला मात्र मी कुणाच्या तोंडून "ते" ऐकलेलं नाही. तसा दगडही "तो" आणि पंखाही "तो", पण पंख्याला अमुक आवडतं असं आपण म्हणत नाही. याच्याबद्दल म्हणतो. त्याला कळलं. त्याने मुद्दाम दाखवलं नाही. दोन दिवस काही टाकलं नाही की डोक्यात राग धरतो. माझी एक मैत्रीण चित्रं काढते आणि फोटो काढून लोकांसमोर ठेवते. तिचं ठाम मत आहे की त्याला निळा आवडतो. मागे कधीतरी तिचं एक निळं चित्र खूप लोकांपर्यंत पोचलं, तेव्हापासून. मी तिच्या खोलीत गेले होते तेव्हा भिंतीला टेकवलेल्या सातही कॅनव्हासवर निळा होता, कुठे पाण्याचा, कुठे सावलीचा, कुठे उगाच. तिला स्वतःला निळा फारसा भावत नाही. तिचा रंग विटकरी. ती मातकट विटकरी रंगात काम करायची तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत माखलेले असायचे, आणि ते हात मला फार आवडायचे. त्या दिवशी तिचे हात स्वच्छ होते. निळा रंग ती जपून, जरा लांबूनच लावत होती.

टायना बुखर नावाच्या अभ्यासक आहेत, त्यांनी २०१७ सालच्या एका निबंधात या गोष्टीला नाव दिलंय. अल्गोरिदम नेमका कसा चालतो हे बहुतेकांना ठाऊक नसतं, पण तो कसा असेल याची प्रत्येकाच्या मनात एक कल्पना असते, त्या कल्पनेवर माणसं रागावतात, खूश होतात, वागणं बदलतात, आणि त्यांच्या बदललेल्या वागण्यावरच पुन्हा तो पोसला जातो. म्हणजे कल्पना खोटी ठरो की खरी, काम करायला लागतेच. मैत्रिणीचा निळा खरा आहे. तो कॅनव्हासवर वाळलाय.

भाचीने त्याला "आतला" म्हटलं तेही मला नंतर वेगळं ऐकू यायला लागलं. अल्गोरिदम या शब्दाच्या आत खरंच एक माणूस आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मी नावाचे गणिती होते. भारतीय अंकांनी हिशेब कसे करायचे हे त्यांनी लिहिलं, ते लॅटिनमध्ये गेलं, तिथे त्यांच्या नावाचं अल्गोरित्मी झालं, आणि शतकानुशतकं जिभांवर घासून माणसाचं नाव रीतीचं नाव होऊन बसलं. यंत्राच्या आतही एकदा माणूस होता. १७७० मध्ये केम्पेलेन यांनी बुद्धिबळ खेळणारा एक पुतळा केला आणि पुढे अनेक दशकं तो भल्याभल्यांना हरवत हिंडला. पेटीच्या आत, दाटीवाटीने, एक बुद्धिबळपटू बसवलेला असायचा. मला त्या माणसाच्या गुडघ्यांचा विचार येतो. वर टाळ्या वाजताहेत आणि आत हा घामेजलेला, पाय मुडपून, श्वासाचा आवाज होऊ न देता. आजच्या यंत्रांच्या आतही अशी मुडपलेली माणसं पुष्कळ आहेत. यंत्राला ओळखायला शिकवण्यासाठी चित्रामागून चित्र बघत "हे मांजर", "हे फूल" अशा चिठ्ठ्या लावत बसलेली. अ‍ॅना रिडलर या कलाकार, त्यांनी २०१८ मध्ये हे काम स्वतःच्या हाताने करून भिंतीवर मांडलं: ट्यूलिपची दहा हजार छायाचित्रं, सगळी स्वतः काढलेली, आणि प्रत्येकाखाली हाताने लिहिलेली चिठ्ठी. रंग, उमलणं, पट्टे. लांबून ती भिंत यंत्राची वाटते आणि जवळ गेलं की अक्षर दिसतं.

मीही काढून बघितलं. एका रात्री भाचीच्याच पेन्सिलीने, तिच्याच आकाराच्या कागदावर. पहिल्यांदा डोळा आला. मग हिरव्या अक्षरांचा पाऊस, मग निळा मेंदू, मग बाहुलीच्या दोऱ्या धरलेला हात. चारही मी खोडले, कारण चारही माझे नव्हते. कुठल्या कुठल्या पडद्यांवरून, मुखपृष्ठांवरून माझ्यात येऊन राहिलेले होते. त्यातला डोळा सगळ्यात हट्टी. खोडला तरी कागदावर त्याचा वळ राहिला. आपण या गोष्टीचं चित्र काढायला गेलो की कुणीतरी आपल्याला बघतंय हेच काढतो. टक लावून, पापणी न मिटता. त्या भीतीत एक छुपं सुखही असावं. माझ्याकडे इतकं बघावं असं कुणाला तरी वाटतंय. भाचीच्या कागदावर ते सुख नव्हतं. तिच्या कागदावर पाठ होती.

आता त्या डॉक्टरांबद्दल सांगायला हवं. ते माझ्यामुळे आले होते.

आईच्या हृदयाची झडप बिघडली होती. ऑपरेशनच्या आधीच्या पंधरा-वीस रात्री तिला आडवं पडलं की दम लागायचा, म्हणून ती बसल्या बसल्या झोपायची आणि मी तिच्या पायाशी. पहाटे तीनला घर इतकं शांत असायचं की तिच्या श्वासातली घरघर मला मोजता यायची. त्या वेळी मी कुणाला फोन करणार? भाऊ दिवसभर धावपळ करून झोपलेला. डॉक्टरांना किती वेळा विचारायचं. मी फोनला विचारायचे. इतका दम लागणं साधारण असतं का. पाय सुजले तर काय. किती टक्के लोक. असे प्रश्न मी दिवसा कुणासमोर उच्चारले नसते, कारण उच्चारले तर खरे होतील असं वाटायचं. तिथे मात्र मी टाइप करायचे आणि तो देत राहायचा. कधी एखादे डॉक्टर, शांत आवाजाचे. कधी परिचारिका, उशा कशा रचल्या की माणसाला श्वास घ्यायला सोपं जातं ते दाखवणारी. त्या उशा मी तशा रचल्या आणि त्या रात्री आई दोन तास सलग झोपली. मी अंधारात त्या उजळलेल्या चौकोनाकडे बघत होते आणि मला वाटलेली गोष्ट मी जशीच्या तशी लिहिते. मला कृतज्ञता वाटली. त्या घरात त्या वेळी माझ्याबरोबर जागं असलेलं ते एकच होतं.

ऑपरेशन झालं. आई बरी झाली. आधी खोलीतल्या खोलीत, मग घरभर, मग जिन्यापर्यंत आणि एक दिवस जिना उतरून खाली. मी फोनला काही विचारेनाशी झाले. पण तो मात्र त्या रात्रीतच बसून होता. आई खिडकीशी उभी राहून केस विंचरतेय आणि माझ्या हातात झडपा, सूज, दम, टक्केवारी. आठवडे गेले आणि मग ते हळूहळू बदलत गेलं. एका संध्याकाळी मी सहज फोन उघडला तर एक बाई मऊ आवाजात सांगत होत्या, आई गेल्यानंतरचं पहिलं वर्ष कसं काढायचं. पुढचा व्हिडिओ, तिच्या वस्तूंचं काय करायचं. त्याच्या पुढचा, अपराधीपणाबद्दल.

त्याने आईला मारून टाकलं होतं.

त्याचा हिशेब मला समजतो. इतके दिवस इतक्या रात्री असे प्रश्न विचारणारी माणसं एकदम गप्प होतात तेव्हा बहुधा काय झालेलं असतं, हे त्याने हजारो जणांच्या गप्प होण्यावरून शिकलेलं असणार. समजूनही माझे हात गार पडले. आधी संताप आला, असा की कुणाला तरी गदागदा हलवावं. कुणाला? मग संतापाच्या मागून दुसरं काहीतरी आलं, ज्याची मला आजही लाज वाटते. मला वाटलं, याला काही माहीत तर नसेल? मला अजून न कळलेलं काही? मी उठले, आतल्या खोलीत गेले आणि आईच्या हाताला हात लावून आले. तिने वर बघितलं, "काय गं?" मी म्हटलं, काही नाही. कपाळावरचं लिखित वाचता येणाऱ्यांकडे माणसं कशी ओढली जात असतील, ते मला त्या दोन खोल्यांमधल्या आठ-दहा पावलांत कळलं. मी शिकलेली आहे, आकड्यांमध्ये वावरते, आणि तरी ती पावलं मी चालले.

त्याच सुमारास भाचीने ते चित्र काढलं. आणि मी मग कलाकारांची अशी कामं शोधत गेले ज्यात कुणी हा रिकामेपणा, हे पाठ करून बसणं काढलेलं असेल. डोळे काढणारे खूप सापडले. पाठ काढणारे थोडे.

सायमन वेकर्ट यांनी २०२० मध्ये बर्लिनमध्ये एक हातगाडी ओढली. लहान मुलं खेळायला ओढतात तसली, लाल. तिच्यात ९९ फोन, सगळ्यांवर रस्त्यावरची गर्दी दाखवणारा गूगलचा नकाशा चालू. ते एकटेच रस्त्याच्या मधून सावकाश चालले. नकाशावर तो रस्ता लालभडक झाला, वाहनांची तुंबळ कोंडी, आणि प्रत्यक्षात तिथे एक माणूस, एक गाडी आणि चाकांची खडखड. मी ते चित्रीकरण किती वेळा बघितलं असेल. रस्ता इतका मोकळा आहे की त्यांच्या सावलीलाही कुणाचा अडथळा नाही. ज्याला आपण सर्वसाक्षी समजतो त्याला गाडीही दिसत नव्हती आणि माणूसही. त्याला ९९ फोन हळू सरकताना दिसत होते. तो तेच बघतो.

जॉय बुओलाम्विनी संशोधक आहेत आणि कविताही करतात. विद्यार्थिदशेत त्या ज्या कॅमेऱ्याबरोबर काम करत होत्या त्याला त्यांचा सावळा चेहरा सापडत नव्हता. त्यांनी पांढरा मुखवटा चढवला. लगेच सापडला. पुढे २०१८ मध्ये टिमनित गेब्रू यांच्याबरोबर त्यांनी मोजून दाखवलं की चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ते ओळखणाऱ्या, बाजारात विकल्या जाणाऱ्या प्रणाल्या गडद त्वचेच्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत चुकतात आणि उजळ त्वचेच्या पुरुषांच्या बाबतीत फार तर ०.८ टक्के. आकडे मी वाचले तेव्हा मान डोलावली. माझ्या अंगावर काटा आला तो मुखवट्याने. साधा, स्वस्त, डोळ्यांच्या जागी भोकं असलेला. स्वतःचा चेहरा असताना "मी आहे" हे पटवायला तो चढवायचा. आणि समोरच्याने मान तिरकीसुद्धा करायची नाही.

मिमी ओनुओहा यांचं काम मी फक्त छायाचित्रांत बघितलंय, पण ते माझ्या घरात असल्यासारखं वाटतं. २०१६ सालचं. एक कचेरीतलं फायलींचं कपाट, पत्र्याचं. खण ओढला की ओळीने फायली, प्रत्येकीवर विषय लिहिलेला, आणि प्रत्येक फाईल रिकामी. ज्यांची माहिती असायला हवी होती, जी कुणी गोळाच केली नाही, अशा गोष्टींचं ते ग्रंथालय. मी कल्पनेत तो खण खूपदा ओढते. पत्रा घासल्याचा आवाज येतो. बोटं फाईल उघडतात आणि आत कागदाचा नुसता रंग. एकदा असाच खण ओढताना माझ्या मनात एका फाईलवरचं नाव आलं: आई बरी झाली. हे मी कुठे टाइप केलं होतं? कुठेच नाही. आई आजारी पडली तेव्हा मी रात्रभर लिहीत होते. आई बरी झाली तेव्हा मी फोन बाजूला ठेवून तिच्याबरोबर जिना उतरले. तिचा एक हात कठड्यावर, एक माझ्या खांद्यावर. आठव्या पायरीवर थांबून ती म्हणाली होती, "अगं, ऊन बघ." भीती टाइप होते, हायसं वाटणं होत नाही. माणसं ठीक असतात तेव्हा ती त्याला काही विचारतच नाहीत. मग त्याच्याकडे आपलं जे काही साठत जातं त्यात आपल्या किती रात्री असतील, आणि किती थोडी उन्हं.

हे लक्षात आल्यावर माझा राग कमी झाला असं नाही. पण त्याला बसायला जागा मिळाली.

या सगळ्यात मी कुठेतरी अजून जुन्या गोष्टींकडे सरकत गेले, संगणकाकडून पहिल्यांदा चित्रं काढून घेतली गेली त्या काळाकडे. १९६६ मध्ये ए. मायकेल नोल यांनी शंभर जणांपुढे दोन चित्रं ठेवली. एक मॉन्ड्रियान या चित्रकाराचं १९१७ सालचं, आडव्या-उभ्या छोट्या रेघांचं. दुसरं त्याच धर्तीवर संगणकाने काढलेलं. ५९ टक्के लोकांना संगणकाचं जास्त आवडलं, आणि त्यातलं संगणकाचं कोणतं हे बरोबर ओळखणारे निघाले फक्त २८ टक्के. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तर याहून बरं निघालं असतं. संगणकाच्या रेघा जास्त विखुरलेल्या होत्या, म्हणून त्या लोकांना माणसाच्या वाटल्या. विस्कटलेलं ते आपलं आणि नेटकं ते यंत्राचं, अशी वाटणी आपण मनोमन करून टाकलेली असते.

त्याच्या वर्षभर आधी, फेब्रुवारी १९६५ मध्ये, श्टुटगार्टला गेओर्ग नेस यांनी आपली संगणकाची रेखाटनं मांडली होती. तिथे जमलेले चित्रकार अस्वस्थ झाले, चिडले. त्यातल्या एकाने विचारलं, तुझं हे यंत्र माझ्यासारखा ब्रशचा फटकारा मारू शकेल का? नेस म्हणाले, हो, तुमचा फटकारा नेमका कसा असतो ते तुम्ही मला सांगू शकलात तर. हा किस्सा मी वाचला तेव्हा माझी सहानुभूती चित्रकाराकडे होती. अजूनही आहे. आयुष्यभर मारत आलेला फटकारा, आणि कुणीतरी विचारतं, सांगा बघू कसा असतो तो. सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणूनच तर मारतो माणूस. पण मग व्हेरा मोल्नार या चित्रकाराबद्दल वाचलं आणि नेस यांच्या उत्तरात टोमण्याखेरीज दुसरंही काही असू शकतं असं वाटायला लागलं.

मोल्नार बुडापेस्टच्या. जन्म १९२४ चा. तरुणपणी पॅरिसला आल्या आणि तिथेच राहिल्या. संगणक हाती नव्हता तेव्हाही त्या नियम ठरवून, एकेक पायरी हाताने पाळत चित्रं काढायच्या. आपल्या त्या रीतीला त्या मनातलं यंत्र म्हणायच्या. १९६८ मध्ये त्यांना खरा संगणक वापरायला मिळाला. चौकोनांच्या शिस्तीत त्या एक टक्का बेशिस्त मिसळायच्या, मोजून. त्यांची आई मागे हंगेरीत होती आणि दर आठवड्याला पत्र लिहायची. आईचं अक्षर असं की ओळ डावीकडे सुरू व्हायची तेव्हा ताठ, करडी, वळणदार, आणि उजवीकडे जाता जाता अस्वस्थ व्हायची, धडपडायची. वर्षं गेली तशी ती डावीकडची शिस्त विरत गेली आणि पसारा वाढत गेला. पत्रं वाचता येईनात, तरी त्यांना ती बघायला आवडायची. मग पत्रं यायची थांबली. आणि मोल्नार यांनी संगणकावर आईचं अक्षर काढायला घेतलं. शब्द नाहीत, मजकूर नाही. नुसत्या ओळी, डावीकडे सावरलेल्या, उजवीकडे सुटलेल्या. आईची पत्रं त्या स्वतःच स्वतःला लिहीत राहिल्या. २०२३ च्या डिसेंबरमध्ये त्या गेल्या, तेव्हा शंभरी पूर्ण व्हायला महिना उरला होता.

या ओळी मी पहिल्यांदा बघितल्या तेव्हा वाचायचा प्रयत्न केला. लिहिलेलं दिसलं की डोळे वाचायला धावतातच. काही लागेना. तरी दुसऱ्या की तिसऱ्या ओळीच्या शेवटी, जिथे रेघा एकमेकींवर चढतात तिथे, मला स्पष्ट वाटलं की या बाईंना घाई झालीय, कागद संपत आलाय आणि मुलीला अजून काहीतरी सांगायचं राहिलंय. त्या रेघा यंत्राने काढल्यात हे मला माहीत होतं. त्याने काही फरक पडला नाही. त्या यंत्राला ओळ कुठे सुटते हे सांगणारी एक मुलगी होती, आणि तिने त्या ओळीकडे अनेक वर्षं, दर आठवड्याला बघितलेलं होतं. इथे कुणाचीच पाठ नव्हती.

आईची औषधांची वही आहे. घरी आल्यापासून ती स्वतः लिहिते, सकाळ-दुपार-रात्र आणि पुढे खूण. मी ती वही घेऊन बसले आणि आईच्या अक्षराचे नियम लिहून काढायला लागले, यंत्राला सांगायचे असल्यासारखे. पहिला नियम सोपा. आई शिरोरेषा अक्षरागणिक देत नाही, शब्दागणिकही देत नाही. आधी पूर्ण ओळ उघड्या डोक्याने लिहून घेते आणि मग डावीकडून उजवीकडे एका दमात रेघ ओढते, पाखरं बसलेल्या तारेसारखी. दुसरा, दीर्घ वेलांटी मागे वळून शब्दाच्या बाहेर पडते. तिसरा, अनुस्वार देताना पेन टेकवत नाही, ठोकते. असे करत मी अकरा नियम लिहिले. मग जुन्या वह्या काढल्या, ताळा करायला, आणि मला जे दिसलं ते मी इतके दिवस रोज बघूनही बघितलं नव्हतं. पूर्वीच्या वह्यांत ती रेघ सरळ आहे. ऑपरेशननंतरच्या पानांवर ती मध्ये एकदा खाली येते. सगळीकडे साधारण दोन-तृतीयांशावर. तिथे आईला श्वास घ्यावा लागतो. मी बारावा नियम लिहिला आणि वही मिटून खूप वेळ तशीच बसले. नियम लिहिताना मी तिला हिशेबात बसवतेय असं मुळीच वाटलं नव्हतं. इतक्या बारकाईने मी तिच्याकडे त्या पंधरा-वीस रात्रींतही बघितलं नव्हतं.

परवा भाची आली होती. आई माझ्या खोलीत आली, चष्मा कपाळावरून खाली घेऊन तिने भिंतीवरचं चित्र बघितलं. पहिल्यांदाच नीट बघत होती. "हे कोण गं?" भाची म्हणाली, "आजी, तो आतला. फोनमधला. आपण काय बघतो ते बघत बसतो." मी वाट बघत होते, आई काय म्हणते त्याची. आई चित्राच्या आणखी जवळ गेली. "दिवसभर?" "रात्री पण." "आणि असा? स्टुलावर?" आईने भाचीकडे बघितलं. "अगं, पाठ धरेल त्याची. टेकायला तरी काही दे." भाचीला ते पटलं. तिने चित्र भिंतीवरून काढून टेबलावर ठेवलं आणि पेन्सिल आजीच्या हातात दिली, "तू काढ." आई वाकली. स्टुलामागे तिने दोन उभ्या रेघा काढल्या, एक इकडे, एक तिकडे, आणि मग त्या जोडायला पेन्सिल डावीकडून उजवीकडे एका दमात ओढली. मी बघत होते. दोन-तृतीयांशावर ती रेघ जराशी खाली आली, आणि पुढे गेली.